गुरुवारची खळ

भोईर मुकादम खाली बसले, करंजाच्या रोपाला हात लावला, आणि पानं झडून त्यांच्या हातावरच पडली. कडेनं करपलेली, मधे पिवळी. त्यांनी पुढचं रोप बघितलं. मग त्याच्या पुढचं. मी मागं मागं, कमरेवर माझी पोर मंगी, हातात रिकामी झारी.

"सुमन, काय केलंस ग हे?"

"मी काय न्हाय केलं, मुकादम. गवत काढते. पाऊस नसला तर पानी घालते."

"मग झाडं काय रुसून बसली?"

मी झारी खाली ठेवली. उलट बोलायची सवयच नव्हती मला तेव्हा.

मुकादम उठले, हात झटकले. "दसऱ्यानंतर पालिकेचे साहेब येनार पाहणीला. रोपं जगली तर बाग राहील. न्हाय जगली तर जागा ट्रकवाल्यांना जाईल, त्यांचा अर्ज येऊन पडलाय. आणि बाग नाय तर तुझी हजेरी पण नाय. मी काय करनार?"

हजेरी म्हणजे आमची नोकरीच. मी पालिकेच्या बागखात्यात रोजंदारीवर होते. मुकादम सकाळी येऊन नाव घेणार, तो दिवस आपला. नाव घेतलं नाही की घरी जायचं. रजा नाही, कागद नाही. पण मला तेवढीसुद्धा नोकरी फार होती. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. खोलीत मी आणि मंगी, आणि भिंतीपलीकडं लूमची खटखट. त्या खोलीत मी दिवसभर बसायची तेव्हा मला वेड लागेल असं वाटायचं. बागेत आले तेव्हापासून मला जरा श्वास घेता यायला लागला होता. आता तेच जाणार होतं.

आता ही बाग कसली, ते सांगते.

भिवंडीत निजामपुऱ्याच्या मागच्या अंगाला, तळ्याच्या काठाला पालिकेची जागा. कधीतरी बाग होती म्हणे. मी बघितली तेव्हा एक मोडकं बाकडं, कुंपणाच्या तुटक्या तारा, एक म्हातारी चिंच आणि कचरा. भिवंडीचा कचरा पण वेगळा असतो. लूमची तुटकी सुतं, कापसाचा भुगा, फुटक्या कांड्या. वाऱ्यानं सूत उडायचं आणि बाभळीला अडकायचं, लाल, निळं, पिवळं. लांबून वाटायचं बाभळीला फुलं आली. जवळ गेलं की नाकाला पदर.

आमच्या गल्लीत जुबेदाभाभी राहतात. कांड्या भरायचं काम त्यांच्या घरी चालतं. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. लूमवर धोटा इकडून तिकडं पळतो आणि त्या नळीतलं सूत कापडात जातं. नळी रिकामी झाली की दुसरी लागते, म्हणून गल्लीतल्या बायका घरोघरी चरख्यावर कांड्या भरत बसतात. पोरं तिथंच, त्या भुग्यात. खोकत असतात. बाहेर सोडावीत तर रस्त्यावर ट्रक. एक दिवस भाभी म्हणाल्या, "बच्चे घर में खाँसते हैं, बाहर मरते हैं. ये तालाब के बाजू की जगह किसकी है?" तिथून सगळं सुरू झालं.

भिवंडीत सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. लूम बंद, सायझिंग बंद, गल्ली शांत. तर शुक्रवारी नमाजानंतर सगळे जागेवर. पुरुष फावडं घेऊन, बायका टोपल्या घेऊन. हिंदू, मुसलमान, तेलुगू, सगळी लूमवरची माणसं. बरेच शुक्रवार नुसता कचराच निघत होता. मग कमिटी झाली, भाभी पुढं आणि बाकी सगळे मागं. पालिकेत गेले. साहेब म्हणाले, बघू एक वर्ष. रोपं नर्सरीतून देतो, एक रोजंदारीची बाई देतो. बाग टिकली तर टिकली.

ती बाई मी. भाभींनीच नाव सांगितलं. "ये घर में बैठ के डरती रहती है. इसको बाहर निकालो." मला विचारलं पण नाही. नवऱ्याला विचारलं.

आणि मी खरंच घाबरायची. मंगी झाल्यापासून तर सगळ्यालाच. ती झोपली तरी नाकाजवळ बोट धरून बघायची. बागेला लागून तळं, म्हणून पहिल्या दिवशी मी चिंचेला साडीची झोळी बांधली आणि मंगीला त्यात घालून झोळीचं तोंड वरनं बांधून टाकलं. मुकादम आले, म्हणाले, "अग बाय, पोरगी हाय का गाठोडं? श्वास तरी घेऊ दे तिला!" सगळे हसले. मी गाठ सोडली, पण काम करताना अर्धा डोळा तिकडंच.

रोपं आली. करंज, कडुनिंब, बदाम, गुलमोहर. भाभींनी एक युक्ती केली. प्रत्येक घराला एक रोप. ते रोप त्या घराचं. आळं करायचं त्यांनी, काठी रोवायची त्यांनी. मी फक्त पाणी आणि राखण. त्यामुळं झालं काय, की सगळ्यांच्या घरात जणू एक पोर वाढलं. संध्याकाळी बायका बघायला यायच्या. "माझ्याला नवीन पान आलं." "तुझं वाकडं वाढतंय बघ, तुझ्यासारखं." हौसाबाई म्हणून आमच्या शेजारी, तोंडानं तिखट, त्यांचा कडुनिंब जरा खुजा राहिला. तर त्या मलाच म्हणायच्या, "तू माझ्या झाडाला कमी पाणी घालतेस. मी बघते हां वरनं."

आणि ह्यातनंच ती खळ आली.

सायझिंग म्हणजे काय ते सांगते. लूमवर ताणायचं सूत कच्चं असतं, झटक्यानं तुटतं. म्हणून ते आधी खळीत बुडवून सुकवतात. खळ म्हणजे मैद्याची, चिंचोक्याच्या पिठाची शिजवलेली पेज. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सायझिंग होतं. तिथं कासमचाचा मिस्त्री, खळ शिजवणारे. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी कढईतली उरलेली खळ काढून टाकावी लागते, नाहीतर दोन रात्रींत आंबते. ती ते फुकट द्यायचे, ज्याला पाहिजे त्याला.

आता आमच्याकडं, वज्रेश्वरीच्या बाजूला माझं माहेर आहे, तिथं भाताची पेज उरली, तांदळाचं धुवण उरलं, की तुळशीला, शेवग्याला घालतात. झाडं चांगली येतात. भाभींच्या मुलखात पण तसंच. सगळ्या बायकांना हे माहीत. मग एवढी मैद्याची पेज गटारात कशाला? उन्हाळ्यात कोणीतरी पहिली बादली आणली आणि आळ्यात घातली. झाड मेलं नाही, उलट पालवी फुटली. मग काय, दर गुरुवारी बायकांची रांग. डोक्यावर बादल्या, घमेली. आपापल्या झाडाला पोटभर.

पावसाळा लागला, तरी चालूच. मी एकदा भाभींना म्हटलं, "आता पाऊस हाय, कशाला आनता?"

भाभी म्हणाल्या, "बारिश पानी देगी. खाना कौन देगा?"

मलाही ते पटलं. का नाही पटणार?

श्रावणात पहिल्यांदा पानं करपली. मला वाटलं पाणी साचलं. मी आळ्याला चर काढला. पण एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं, मग सगळीकडं. मुकादमांना वाटलं वाळवी, त्यांनी पावडर आणून टाकली. काही फरक नाही. मग म्हणाले, तळ्याचं पाणी खराब असेल, तर मी नळावरनं हंडे आणायला लागले. मंगीला काखेत, हंडा डोक्यावर. तरी तेच. भाभींनी मौलवींकडनं फुंकर मारून आणलेलं पाणी शिंपडलं. हौसाबाईंनी सगळ्या रोपांना काळा दोरा बांधला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हाताला गुण नसतो एकेकीच्या."

त्या रात्री मी माझे हात बघत बसले होते. वेडेपणाच. पण बघितले.

एकच रोप बरं होतं. कोपऱ्यातला बदाम, आजमगढवाल्यांचा. ते कुटुंब उन्हाळ्यातच मुलखाला गेलेलं, कोणाच्या तरी लग्नाला, आणि अजून आलं नव्हतं. त्यांचं झाड हातभर पानं काढून उभं. मला वाटलं, कोपऱ्यात आहे, सावली आहे, म्हणून असेल. मुकादमांना पण तसंच वाटलं.

मग तो गुरुवार आला.

जुबेदाभाभींचा हात कांडीच्या चात्यात सापडून सुजला होता. चातं म्हणजे चरख्याची टोकदार सळई. त्या म्हणाल्या, "सुमन, आज मेरी बाल्टी तू ला दे." मी मंगीला घेऊन सायझिंगवर गेले. आत कोंदट, शिजलेल्या खळीचा वास, जमीन चिकट. कासमचाचांनी निवलेल्या खळीनं, मोठ्या पळ्यानं माझी बादली भरली. बाकीच्या बायका भरून पुढं गेलेल्या. मी बादली उचलायला पदर खोचला, तेवढ्यापुरतं मंगीला खाली ठेवलं.

मंगीनं बादलीत हात घातला. कोपरापर्यंत.

"अरे!" चाचा एवढ्या मोठ्यानं ओरडले की पळा त्यांच्या हातातनं पडला. "उठा बच्ची को! मुँह में हाथ मत जाने दे! पानी ला, पानी!"

मी तिला उचललं, तिचा हात धरला. मला कळेना काय झालं. ती हसत होती. बोटांना खळ लागलेली, दुधासारखी. चाचा पाण्याची कळशी घेऊन धावत आले, तिचा हात चोळून चोळून धुतला, तोंड उघडून आत बघितलं.

"चाचा, खळच तर हाय. मैद्याची. थंड पन हाय."

"खळ है, तेरे घर की पेज नहीं है! नीला थोथा है इसमें!"

नीला थोथा म्हणजे मोरचूद. निळे खडे असतात. माहेरी आमचे काका भाताच्या बियाण्याला लावायचे, तेव्हा आम्हा पोरांना अंगणात पण येऊ द्यायचे नाहीत. विष असतं ते.

मी मंगीला घट्ट धरलं. मी म्हटलं, "तुमी इख घालता? खळीत इख घालता आनि लोकांना वाटता?"

"बारिश में डालना पड़ता है," चाचा म्हणाले. "हवा गीली होती है, सूत को बुरशी लगती है. गर्मी में नहीं डालते. और बाँटता हूँ तो क्या, तुम लोग पीते हो क्या? कपड़े को कलफ लगाने ले जाते हो ना?"

"कलफ कसली? झाडांना घालतो आमी!"

चाचा डोक्याला हात लावून खाली बसले. "या अल्ला. मेरी बीवी तो साड़ी को लगाती है."

पण मला तेव्हा झाडं सुचलीच नाहीत. मी पोरीला घेऊन पळाले. दवाखाना बाजाराच्या तोंडाला. चप्पल सायझिंगमध्येच राहिली. रस्त्यात हातगाड्या, सायकली, रिक्षा, मी कोणाला धडकले ते मला माहीत नाही. दवाखान्यात रांग. मी रांगेत उभीच राहिले नाही, सरळ आत. डॉक्टर कोणाच्या तरी छातीला नळी लावून बसलेले.

"बाई, नंबर—"

"मोरचूद! मोरचूद लागलाय पोरीला!"

त्यांनी तिला बघितलं. जीभ बघितली, घसा बघितला, पोट दाबलं. उलटी झाली का, नाही. रडली का, नाही. मंगीनं त्यांची नळी धरून ओढली.

"पोटात गेलेलं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "हात वेळेवर धुतले म्हणून. दूध पाजा, इथंच जरा वेळ बसा. उलटी झाली तर मला सांगा. आणि बाई, तुम्ही पण पाणी प्या, नाहीतर तुम्हालाच झोपवावं लागेल."

मी बाकावर बसले. मंगी दूध पिऊन माझ्या बांगड्यांशी खेळत होती. मी तिच्या तोंडाकडं बघतेय, बघतेय. आणि मग हळूहळू माझ्या डोक्यात आलं. पावसात घालतात. उन्हाळ्यात घालत नाहीत. उन्हाळ्यात पालवी फुटली. श्रावणात करपली. आणि आजमगढवाले मुलखाला गेलेत, त्यांच्या बदामाला कोणी खळ घालत नाही.

आज गुरुवार. बायका बादल्या घेऊन पुढं गेलेल्या.

डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, जा आता. ते म्हणेपर्यंत मी रस्त्यावर होते.

बागेत पोचले तर बायकांच्या गप्पा रंगलेल्या, काही बादल्या रिकाम्या झालेल्या, काही अजून भरलेल्या. हौसाबाई आपल्या कडुनिंबापाशी वाकलेल्या. मी लांबनंच ओरडले, "घालू नका! नका घालू!" मी जाऊन त्यांच्या बादलीला लाथच मारली. खळ सगळी त्यांच्या पायावर.

"रांडे! डोकं फिरलं काय तुझं?"

"इख हाय त्यात! मोरचूद हाय!"

"कोनी सांगितलं?"

"कासमचाचांनी."

"मग उन्हाळ्यात का न्हाय मेली झाडं?" दुसरी एक म्हणाली. "आता मरतात तर खळीवर ढकलते. राखन हिची, नाव आमचं."

"कालची पोर," हौसाबाई पायाची खळ निपटत म्हणाल्या, "आमाला शिकवते. माझी आजी पेज घालायची झाडाला, तिची आजी घालायची."

मला नीट सांगताच येईना. मी सगळं उलटसुलट बोलत होते, पाऊस, बुरशी, मंगीचा हात, डॉक्टर. बायकांना वाटलं हिला काहीतरी झालंय. भाभी पुढं आल्या, सुजलेला हात छातीशी धरून. शांतपणे म्हणाल्या, "सुमन. साँस ले. एक बात बोल. सिर्फ एक."

मी कोपऱ्याकडं बोट केलं. "आजमगढवाल्यांचा बदाम बगा. त्याला कोन खळ घालतं?"

सगळ्या तिकडं बघायला लागल्या. तो बदाम हिरवागार, मोठ्या मोठ्या पानांचा.

भाभी आपल्या करंजापाशी गेल्या. तो त्यांनी त्यांच्या थोरल्या मुलीच्या नावानं लावलेला, मुलगी लग्न होऊन मालेगावला गेलेली. त्यालाच त्या सगळ्यांत जास्त खळ घालायच्या, दोन दोन बादल्या. त्या खाली बसल्या आणि एका हातानं आळ्यातली खळ उकरून बाजूला टाकायला लागल्या. मग हौसाबाई पण बसल्या. तोंड चालूच होतं त्यांचं, "आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला," पण हात चालत होते.

मी मुकादमांच्या घरी गेले. दारातच सांगितलं. वाटलं, आता हजेरी बंद.

भोईर मुकादमांनी सगळं ऐकलं. "मला का न्हाय सांगितलंस खळ घालतात?"

"तुमी सकाळी येता. त्या संध्याकाळी घालतात. आनि पेजेचं काय सांगायचं, असं वाटलं."

"मला पन सांगितलं असतंस तर मी पन म्हनलो असतो, घाला," ते म्हणाले. "माझी आय पन घालते." मग लगेच कामाचं बोलायला लागले. वरची माती वीतभर खरवडून काढायची. ती तळ्यात टाकायची नाही, मासे मरतील. लांब खड्ड्यात गाडायची. आळ्यात थोडा चुना, मग शेणखत आणि नवीन माती. मग भरपूर पाणी. "मुळं जळली नसतील तर फुटतील. जळली असतील तर गेली. साहेबांना यायला अजून वेळ हाय. उद्या शुक्रवार, मानसं मोकळी असतील."

शुक्रवारी आख्खी गल्ली उतरली. नमाज झाल्यावर कमिटीचे पुरुष, बायका, पोरं. कासमचाचा स्वतः आले, सायझिंगचे दोघं घेऊन. कोणी त्यांना काही बोललं नाही, पण हौसाबाईंनी त्यांना सगळ्यात मोठं घमेलं दिलं. चाचांनी पण ते मुकाट्यानं उचललं. बाग अशी दिसत होती की जणू कोणी नांगरून टाकली. सगळीकडं खड्डे, चुन्याचे ढीग, शेण, आणि खड्ड्यांच्या मधे उघडी बोडकी रोपं. मंगीला मी पाठीला बांधलेलं. खाली ठेवायची हिंमतच नव्हती.

आणि तेवढ्यात जीप आली.

साहेब. दसऱ्यानंतर येणार होते ते त्याच दिवशी आले. काल्हेरला काही काम होतं, जाता जाता बाग बघू, म्हणून. मुकादमांच्या हातातलं फावडं खाली पडलं.

साहेब कुंपणाशी उभे राहिले. चिखल बघितला, खड्डे बघितले. रोपांकडं त्यांचं लक्षच गेलं नाही आधी. माणसांकडं बघत होते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तोंड लाल.

"भोईर! एवढी माणसं कोणाला विचारून लावली?"

"साहेब?"

"मी एक बाई मंजूर केली होती. एक! ही काय फौज आहे? ह्यांची हजेरी कोण देणार? मस्टरवर कोणाची नावं घातलीस?"

मस्टर म्हणजे हजेरीचं पुस्तक. मुकादम घाबरून नुसते मान हलवत होते. "नाय साहेब, ही मानसं... ही अशीच आलीत."

"अशीच म्हणजे?"

"अशीच साहेब. कामावर न्हाईत. सुट्टी हाय त्यांची."

साहेबांना पटेना. ते कासमचाचांपाशी गेले. "तुम्ही कुठल्या खात्यात?"

चाचा घमेलं डोक्यावर घेऊन उभे. "सायझिंग खाते में, साब."

मागं बायका फसकन हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग इथं काय करताय?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. भाभींनी माझ्याकडं बघितलं. मुकादमांनी पण. मी बोलायचं होतं. माझ्या पाठीवर मंगी, हात चुन्यानं पांढरे, आणि साहेबांशी मी जन्मात बोलले नव्हते. पण कालच्या धावण्यानं म्हणा, माझ्यातली भीती जरा संपल्यासारखी झाली होती. मी एका दमात सगळं सांगितलं. पेज, खळ, मोरचूद, गुरुवार, बदाम. काही लपवलं नाही. कोणाचं नाव पण घेतलं नाही, नुसतं 'आमी घातली' म्हटलं.

"बरीच मेली असतील मग," साहेब म्हणाले.

"हां साहेब. किती वाचतील ते मुकादमांना पन म्हाईत न्हाय."

साहेबांनी एक रोप हलवून बघितलं. मग पुन्हा माणसांकडं. मला वाटलं आता ट्रकवाल्यांचं बोलणार. ते मुकादमांना म्हणाले, "ही माणसं खरंच मस्टरवर नाहीत?"

"तळ्याची शपथ साहेब."

"तळ्याची कसली शपथ घेतोस." साहेब जीपकडं वळले. "मेली ती उपटून टाका. नर्सरीतून नवीन न्या. ट्रकवाल्यांना दुसरी जागा दाखवतो. इथून ह्या लोकांना उठवायचं म्हणजे मला पुन्हा ह्या सगळ्यांशी बोलावं लागेल." आणि जीपमध्ये बसता बसता माझ्याकडं बोट केलं. "बाई, पुन्हा कोणी ह्यात काही ओतलं, तर हजेरी तुझी बंद. दुसऱ्या कोणाची नाही, तुझी. कळलं?"

"हां साहेब."

जीप गेली. मुकादम चिंचेखाली बसले आणि तंबाखू मळायला लागले.

पुढं काय झालं तर, बरीच रोपं गेली. बदाम वाचला, तो तर वाचणारच होता. हौसाबाईंचा कडुनिंब वाचला, खुजा होता तसाच खुजा राहिला. भाभींचा करंज गेला. त्यांनी मुलीला त्याचं काही कळवलं नाही, त्याच खड्ड्यात दुसरा लावला. त्याला दोन तांबे पाणी घालतात, बस्स. कासमचाचा अजून खळ वाटतात, पण बादली भरताना विचारतात, कपड्याला की झाडाला. झाडाला म्हटलं की पळा परत कढईत.

मी अजून रोजंदारीवरच आहे. पक्की केली नाही मला. मुकादम सकाळी येतात, नाव घेतात. मंगी आता झोळीत मावत नाही, बागेत पळत असते, आणि तळ्याकडं गेली की मी अजूनही ओरडते.

ह्या कामात मला एकच गोष्ट कळली, ती सांगते. झाडावर जीव असणारी माणसं खूप येतात, रिकाम्या हातानं कोणी येत नाही. कोणी पेज आणतं, कोणी राख, कोणी औषधाचं उरलेलं पाणी. सगळ्यांची तोंडं मायाळू असतात. मी आधी बादलीत बघते. मग तोंडाकडं.